आमच्या व्याह्यांचा अर्धा फेटा

बीड जिल्ह्यात ज्याच्या खांद्यावर आमच्या व्याह्यांनी शाल टाकलेली नाही असा माणूस एक तर अजून जन्माला यायचा आहे, नाही तर तो त्या दिवशी परगावी गेला असणार. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. तेलगावला त्यांचा ऊस आणि कापूस आहे, पण शेत धाकट्या भावाच्या जिवावर चालतं आणि हे कायम कुठल्या ना कुठल्या माईकमागे उभे असतात. लग्न असो, बारसं असो, दुकानाचं उद्घाटन असो, सूत्रसंचालन यांचंच. सत्कार तर असा करतात की सत्कारमूर्तीलाच वाटावं, आपण खरोखर काहीतरी केलेलं दिसतंय! घरातही त्यांना साधं बोलता येत नाही. लेक सांगते, सकाळी 'आता आपल्यापुढे चहा सादर करत आहेत आमच्या सूनबाई' असं म्हटल्याशिवाय ते कप उचलत नाहीत.

स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा या गृहस्थांनी माईक सोडला नाही. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजी डोळे मोठे करून घड्याळ दाखवतायत, आणि हे आष्टीच्या कुणा दूरच्या पाहुण्याचं स्वागत करतायत. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, मुहूर्त टळतोय!" तर माईकवर हात ठेवून म्हणाले, "ईनबाई, मुहूर्त रुसत न्हाई. माणूस रुसतंय." कपाळ माझं! मी अक्षता मुठीत धरून माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात लिंबागणेशच्या अलीकडच्या आमच्या गावात शाळेतल्या मुलांसाठी अवकाश शिबिर घ्यायचं ठरवलं. लेकीनं सासरी बोलता बोलता सांगितलं असणार, कारण पहिल्याच सकाळी व्याही कर्णा, माईक आणि शालींनी भरलेली पिशवी घेऊन दारात हजर. "अवकाशाचा कारेक्रम हाय म्हनल्यावर घोषणा कोन करनार, ईनबाई?" असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि शिबिर संपेपर्यंत मुक्काम ठोकला.

आल्या आल्या त्यांनी दुर्बिणीचा सत्कार केला. हार घातला इथवर ठीक होतं. पण ती पाहुणी आहे, तिला कुंकू लावायला नको का, म्हणून ज्या भिंगाला डोळा लावायचा नेमकं तिथंच त्यांनी बोट टेकवलं. संध्याकाळी चंद्र पाहायला पहिला नंबरही स्वतःच लावला आणि कर्ण्यावरून गावाला बातमी दिली, "चंद्रावर सगळा मुरूमच मुरूम हाय! पानी लागायचं अवघड दिसतंय!" पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. मी मेली पदरानं भिंग पुसत बसले.

पुढे रोज सकाळी 'शिबिराच्या ताज्या घडामोडी' सुरू झाल्या. मुलांनी थंड पेयाच्या बाटलीत पाणी भरून, सायकलच्या पंपानं हवा मारून रॉकेट उडवलं. ते पाटलांच्या गोठ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावानं ऐकलं, "काल सोडलेलं यान गोठ्यात सुखरूप उतरलेलं हाय. म्हशीची तब्येत उत्तम हाय. दूध मात्र तिनं एक टाइम दिलेलं न्हाई." मी डोक्याला हात लावायची, पण एक सांगते, या बातम्यांमुळेच शाळेच्या मैदानावर माणसं जमायला लागली. नुसत्या विज्ञानाला कोण येतंय?

या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो शबानामध्ये. पोरगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसलेली, डोकं लख्ख. तिचे वडील हमीदभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. सरळ माणूस, पण अकरावीसाठी बीडच्या होस्टेलला मुलीला ठेवायचं म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "बाई, वर बघून पोट भरतंय का?" मी लई गळ घातली तेव्हा म्हणाले, "ठीक हाय. शेवटच्या दिवशी सांजची मगरिबची नमाज झाली की येतो. पोरगी काय करती ते बघतो. पटलं तर बीड, न्हाई तर घर." आता एवढ्या एका संध्याकाळवर पोरीचं सगळं येऊन ठेपलं.

त्या संध्याकाळी अंतराळ स्थानक आमच्या गावावरून जाणार होतं. ते कुठल्या दिशेला उगवेल, किती वर येईल हे शबानानं मोबाइलवरून आणि होकायंत्रावरून काढलं होतं. वेळ झाली की दिवे घालवायचे, तिनं माईकवरून लोकांना दिशा दाखवायची, असं ठरलं. व्याह्यांनी मला छातीवर हात ठेवून वचन दिलं, "त्याच्या आत सगळे सत्कार आटपतो. तुमी घोर करू नका."

आटपलेही असते. पण प्रमुख पाहुणे तात्यासाहेब उशिरा आले. पुढारीच ते, वेळेवर आले तर लोकांना चुकल्यासारखं वाटेल! शाळेच्या संस्थेत त्यांचा शब्द चालतो, आणि अर्ध्या जिल्ह्यातले कार्यक्रम त्यांच्याच माणसांचे. त्यांना नुसती शाल चालत नाही, फेटा लागतो, तोही बसून बांधलेला. व्याही फेटा बांधायला लागले आणि बांधता बांधता समोरच्या माईकमध्ये तात्यासाहेबांचं कार्य सांगायला लागले. खाली शबाना उभी, एक हात आकाशाकडे करून. मागच्या रांगेत हमीदभाई, हाताची घडी घालून. मी खुणा करकरून थकले. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मनात म्हटलं, गेलं सगळं. हा माणूस पोटच्या पोराच्या मुहूर्ताला थांबला नाही, तो आता काय थांबतोय!

तेवढ्यात त्यांचं लक्ष शबानाकडे गेलं. पोरगी रडायच्या बेतात आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तात्यासाहेबांच्या डोक्याकडे पाहिलं. फेटा अर्धाच झाला होता. मग त्याचं मोकळं टोक त्यांनी चक्क तात्यासाहेबांच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "तात्यासाहेब, एवढं धरा जरा." व्याह्यांनी माईक काढून शबानाच्या हातात ठेवला आणि ओरडले, "लाइटी घालवा!"

अंधारात शबानाचा आवाज आला. आधी कापरा, मग स्वच्छ. "वायव्येला बघा. कडुलिंबाच्या शेंड्याच्या डावीकडं. आत्ता येईल." आणि आलं! न लुकलुकता, सरळ रेषेत, तेजस्वी ठिपका चढत चढत डोक्यावर आला. त्यात माणसं राहतात, ती आत्ता आपल्यावरून चालली आहेत, असं ती सांगत होती. सगळं गाव माना वर करून पाहत होतं. तात्यासाहेबही, फेट्याचं टोक घट्ट धरून. पूर्वेकडे जाता जाता "आता विझेल" असं ती म्हणाली आणि ते विझलं, तेव्हा बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवे लागले तेव्हा हमीदभाई आकाशाकडे पाहतच नव्हते. ते लेकीकडे पाहत होते. माझ्याजवळ येऊन डोळे पुसत एवढंच म्हणाले, "बाई, बीडला काय काय सामान लागंल ते सांगा."

खरं सांगते, हा माणूस मला व्याही म्हणून लाभला याचा एवढा आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

तात्यासाहेब उठले. फेटा हातात घेऊन गाडीत बसले. पण त्यानंतर त्यांच्या लोकांच्या कुठल्याच कार्यक्रमाला व्याह्यांना बोलावणं आलं नाही. दुसराच कुणी पोरगा आता सूत्रसंचालन करतो, नावं चुकवतो. दिवाळीला आले तेव्हा मी भीतभीत विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"वाटतंय की, ईनबाई. खोटं कावून बोलू? लई वाटतंय."

शबाना बीडला अकरावीत आहे. स्थानक जाणार असलं की होस्टेलवरून व्याह्यांना फोन करून दिशा सांगते. मग ते तेलगावच्या गच्चीवर एकटेच जाऊन उभे राहतात. लेक म्हणते, दिवसभरात तेवढीच चारदोन मिनिटं घर शांत असतं. स्थानक दिसेनासं झालं तरी थोडा वेळ तिथंच थांबतात, मग खाली येऊन हळूच म्हणतात, "गेली बगा आपली पोरगी."