रास मोजताना बोलायचं नसतं

रंभाचं नाव ज्यानं ठेवलं त्याला समोर उभं करून जाब विचारायचा, असं ती स्वतःच म्हणायची. ठेंगणी, काळी, तोंडभर देवीचे व्रण, आणि नाव काय तर रंभा! "इंद्रानं मले पाह्यलं असतं तं स्वर्ग सोडून पळाला असता," असं सांगून आधी तीच हसायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला हसायला जागा उरत नसे. रूपाची कसर देवानं जिभेत भरून काढली होती. शेजारणीची कोंबडी असो की पाटलाचा बैल, रंभाच्या वाडीत शिरला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. तिचा आवाज चढला की गावचा कोतवालसुद्धा वाट बदलायचा.

अशी ही वाघीण नवऱ्यापुढं मात्र शेळी व्हायची. नवरा म्हणजे आधीचा नवरा, भैयाजी. वैनगंगेच्या अलीकडे रंभाचं माहेर, पलीकडे सावली गावाच्या बाजूला त्याचं गाव. काडीमोड झाली तेव्हा त्यांची चंदा रांगत होती. जातीच्या पंचांनी निकाल दिला, की पोरगी मायजवळ राहील आणि तिच्या पोटाला बाप दरसाल दोन पोती धान देईल. भैयाजीनं सगळ्यांदेखत मान हलवली. पहिल्या साली त्यानं धान धाडलं. त्यानंतर नुसती मानच हलत राहिली.

मग दरसाल हंगाम सरला, धान घरोघरी भरून झालं, की रंभा काखेत रिकामं पोतं मारून नदी उतरायची. वाटभर भांडणाची तालीम चालायची. बांधावरची झाडं, चरणाऱ्या म्हशी, सगळ्यांना तिनं भैयाजी समजून झाडलेलं होतं. पण खरा भैयाजी समोर आला की गाडी चिखलात रुतलीच. तो बोलण्यात तिचा बाप! "ये रंभा, बस. तुहीच आठवन काढून राह्यलो होतो," इथून सुरुवात. मग त्याची कंबर, मग धानाला लागलेली कीड, मग बैलाचा मुरगळलेला पाय. त्याची दुसरी बायको सुगंधाबाई तर त्याच्याहून गोड. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं "बाई, बाई" करत ती रंभाला पाटावर बसवायची आणि ऊनऊन कढीभात वाढायची. ज्याच्या घरचा भात खाल्ला त्याच्याशी भांडायचं तरी कसं? एका साली तर रंभा त्यांचं अंगण सारवून, सुगंधाबाईच्या तान्ह्या पोराला तेल लावून परत आली. "चंदीच्या वाट्याचं जे काई धान निघालं," ती बायांना सांगायची, "ते मीच खाऊन राह्यली. तेबी कढीसंग."

कुणी म्हणे, चांद्याच्या कोर्टात दावा लाव. रंभा म्हणे, "फुकट बोलून काई भेटलं नाई, आता वकिलाले पैसे देऊन बोलू?"

हसण्यावारी नेणं परवडत होतं, कारण दोघींचं पोट भाऊ लटारूच्या घरी भरत होतं. लटारू भला माणूस, वहिनीही वाईट नव्हती. पण घरातली तोंडं वाढली आणि धानाची बांधी होती तेवढीच राहिली. ज्या साली चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला, त्या साली दिवाळीनंतर चंदा जेवताना "मले भूक नाई" म्हणायला लागली. रंभानं निदान केलं, की पोटात जंत झाले. तिनं पोरीचं नाक दाबून कडू काढा पाजला. चंदानं तोही मुकाट घेतला. मग एका दुपारी रंभाच्या ध्यानात आलं, की वहिनीचा हात भात शिजवलेल्या गंजाच्या तळाला लागला, तळ खरवडल्याचा आवाज आला, की पोरगी आपलं ताट मागं सरकवते. भूक नव्हती असं नव्हतं. आपण या घरात वरकड आहोत, हे त्या आठ वर्षांच्या जिवाला समजलं होतं. रंभा गोठ्यात जाऊन रडली. पाजलेला काढा आठवला तेव्हा आणखी रडली. शहाणी म्हणे! साऱ्या गावाची लबाडी ओळखते, आणि पोटच्या पोरीची भूक ओळखता येत नाही!

या खेपेला ती हंगाम सरायची वाट बघत बसली नाही. चंदाला घेतलं, पोतं घेतलं आणि निघाली. डोंग्यातून नदी ओलांडली तेव्हा भाषण सुरू झालं होतं, भैयाजीचं गाव दिसलं तेव्हा ते रंगात आलं होतं.

"माय, तू झाडाईवर काऊन रागावून राह्यली?" चंदानं विचारलं.

"चूप बस," रंभा म्हणाली. "बापाशी कसं बोलाचं ते शिक जराशी."

भैयाजीच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "सारे खळ्यावर गेले. आज रास मोजाची हाय." रंभा तशीच तडातडा खळ्यावर गेली. मळणी झालेल्या धानाची रास मधोमध, तिच्यावर झेंडूची फुलं. पायली हातात घेऊन गावाच्या राशी मोजणारा म्हातारा रामाजी. एका बाजूला सुगंधाबाई आणि भैयाजी, दुसऱ्या बाजूला न्हावी, कपडे धुणारा वरठी, लोहार, बलुत्यासाठी आपापली टोपली पुढ्यात मांडून बसलेले. रंभानं पदर खोचला आणि तोंड उघडलं.

रामाजीनं डोळे वटारले.

रास मोजताना कुणी बोलायचं नसतं. मोजणाऱ्यानं तेवढं मोजायचं, तेही पहिल्या पायलीला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं. मधेच कुणी तोंड उघडलं तर धानाची बरकत जाते. खळ्यावरच वाढलेल्या रंभाला हे सांगायला लागत नव्हतं. उघडलेलं तोंड तिनं मिटलं आणि अख्खं भाषण गिळलं. पण भैयाजीच्या धानाची बरकत जाऊ नये म्हणून आपण गप्प बसलो, हे कळलं तेव्हा तिला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

तेवढ्यात चालून दमलेल्या चंदानं तिच्या काखेतलं पोतं ओढून घेतलं, लोहाराशेजारी मोकळी जागा होती तिथं अंथरलं आणि वर बसली. बापाच्या खळ्यावर लेक मागणाऱ्यांच्या रांगेत! ऊठ म्हणावं तर बोलायची सोय नाही. रंभानं डोळ्यांनी खुणावलं, दातओठ खाल्ले. पोरगी राशीकडे बघत होती.

रामाजी क्रमानं आला. न्हाव्याला दिलं, वरठ्याला, लोहाराला. पुढची पायली भरून उचलली आणि समोर चंदा. तो थांबला आणि मालकाकडे बघू लागला. सगळेच बघू लागले. रास भुईवर असताना पुढ्यात बसलेल्याला रिकाम्या हातानं उठवत नाहीत, आणि उचललेली पायली राशीत परत टाकत नाहीत. भैयाजीचे ओठ हलले. कंबर, कीड, बैलाचा पाय, सगळं जिभेच्या टोकाशी आलं असणार. पण बोलता येईना.

रंभा बघतच राहिली. या माणसाचं न देणं सगळं त्याच्या बोलण्यात होतं. तोंड बंद केलं तर त्याच्याजवळ नुसतं धान उरत होतं. आणि आपण इतकी वर्षं त्याच्याशी बोलायला येत होतो, बावळटासारखं!

भैयाजीनं मान हलवली. चंदा चटकन उठली, तिनं पोत्याचं तोंड धरलं. "लाभ," रामाजी म्हणाला आणि पायली रिती केली. मग दुसरी, मग तिसरी. बस म्हणून मालकानं हात वर करायचा असतो. भैयाजीचा हात दोनदा मांडीवरून उचलला गेला, पण पंचांचा निकाल त्या खळ्यावर प्रत्येकाला ठाऊक होता, म्हणून दोन्ही वेळा हात खाली गेला. पोतं भरलं. रामाजीनं मालकाचंच एक रिकामं पोतं ओढलं आणि न बोलता चंदाकडे सरकवलं.

ते निम्मं झालं तेव्हा रंभाची नजर सुगंधाबाईवर गेली. पोराला कडेवर घेऊन ती उतरणारी रास बघत होती, तोंड एवढंसं झालेलं. रंभाला तिनं वाढलेला कढीभात आठवला. तिचा हात आपोआप वर गेला, पुरे म्हणायला.

चंदानं तो हात धरला, खाली ओढला आणि पोतं शिगोशीग भरेपर्यंत सोडला नाही.

मोजणी संपली, जिभा मोकळ्या झाल्या. भैयाजी हसत पुढं आला. "रंभा, मी उद्याच धाडनार होतो. उगाच तरास घेतला तुनं. पुढल्या साली तुले यावाच लागनार नाई, मीच गाडी जुंपून..."

रंभाची मान जुन्या सवयीनं हलायला लागलीच होती.

"बाबा," चंदानं पोत्याचं तोंड बांधता बांधता विचारलं, "पुढल्या साली रास कोन्या दिवशी मोजसान?"

आता बोलायला कुणाची मनाई नव्हती, तरी भैयाजी दुखरी कंबर विसरून खळं झाडायला लागला.