मागच्या खोलीत उतरलेले पाहुणे

माझ्या बायकोच्या मामांकडे जितके पाहुणे येतात तितके पुण्यात दुसऱ्या कोणाकडे येत नसतील, आणि त्यांतला एकही मामांनी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. सहकारनगरातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दिवसरात्र माणसं येतात, हवं ते घेतात आणि न सांगता निघून जातात. कोणी नाशिकहून येतं, कोणी साताऱ्याहून; एकदा जर्मनीतूनही कोणीतरी येऊन गेलं होतं. या सगळ्यांची सोय बघत मामा मागच्या खोलीत बसलेले असतात. आमच्यासारखे जिने चढून आलेले पाहुणे गेले, तर मामी सांगतात, "बसा जरा. आत मंडळी आहेत."

ही मंडळी म्हणजे वेबसाइट बघणारे लोक. शहाणी माणसं आपली वेबसाइट एखाद्या कंपनीकडे भाड्याच्या जागेत ठेवतात आणि विसरून जातात. मामांची वेबसाइट त्यांच्या घरी राहते. मागच्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलाखाली एक जुना संगणक आहे. जगात कुठेही कोणी ती साइट उघडली की उत्तर द्यायला तो जागा असावा लागतो. तो झोपला की साइट झोपली. त्यामुळे तो झोपत नाही, आणि मामाही फारसे झोपत नसावेत. दुपारी एक ते चार उघडी असलेली पुण्यातली माझ्या माहितीतली ही एकमेव जागा.

साइट मामांची नव्हे, त्यांच्या मुलाची. हा मुलगा आठवडाभर हिंजवडीला कंपनीच्या बसने जाई आणि सुट्टी लागली की किल्ल्यांवर. बाकीचे लोक किल्ल्यावर जाऊन मोठ्याने इतिहास सांगतात आणि तलवार उपसल्यासारखा हात करून फोटो काढतात. हा मात्र पाणी चाखायचा. खडकात खोदलेलं कुठलं टाकं कुठे आहे, त्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, एवढंच तो साइटवर लिहायचा. 'मागच्या दरवाज्यातून शिरल्यावर डाव्या हाताचं टाकं. पाणी गार, गोड. बारमाही. आत बेडूक आहेत, त्यांना त्रास देऊ नये.' एका पावसाळ्यात तो बसमधून ताप घेऊनच उतरला आणि त्याच आठवड्यात गेला. डेंग्यू. इतके कडे चढला, पण पाय मुरगळण्यापलीकडे किल्ल्यांनी त्याला काही केलं नव्हतं. डास सहकारनगरचा की हिंजवडीचा, या प्रश्नावर मामा बरेच दिवस गंभीरपणे विचार करत होते. करायला दुसरं काही नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले, घर शांत झालं, आणि मागच्या खोलीतून बारीक घरघर ऐकू येऊ लागली. संगणक चालूच होता. मामींनी विचारलं, "बंद करू का हो?" मामा म्हणाले, "नको. त्याने चालू ठेवलाय."

तेव्हापासून तो चालू आहे. मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. संगणकाशी त्यांचा संबंध रेल्वेच्या आरक्षणापुरता, तोही खिडकीच्या अलीकडून. पण तारेच्या एका टोकाला माणूस बोलतो आणि दुसऱ्या टोकाला माणूस ऐकतो, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता आणि तेवढ्या भांडवलावर ते सगळं शिकले. इंटरनेट कंपनीच्या माणसाने एकदा सांगितलं की घरगुती जोडणीचा पत्ता अधूनमधून बदलतो. मामा म्हणाले, "अहो, मग लोकांनी यायचं कुठे? दर पंधरवड्याला घर बदलणाऱ्याला आमच्या वेळी फरार म्हणत." कंपनीने शेवटी कायमचा पत्ता दिला, बहुधा फोन थांबावेत म्हणून.

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की इन्व्हर्टर फक्त संगणकासाठी. आम्ही खिडकीशी चहा पीत घाम पुसायचो. तक्रार केली तर मामा म्हणायचे, "तुम्ही सोफ्यावर आहात जावईबापू. तो बिचारा कड्यावर उभा राहून पाणी कुठंय विचारत असेल." उन्हाळ्यात टेबलफॅन संगणकाच्या तोंडावर आणि मामा बनियनवर, हातात वर्तमानपत्राची घडी. "या घरात वारा खायला यंत्र व्हावं लागतं," असं मामी म्हणत. पण त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत मात्र त्या पाऊल टाकत नसत.

घरी दुकान मांडलं की गिऱ्हाइकाबरोबर भुरटेही येतात. जगभरातले कोण कोण लबाड त्या संगणकाचं कुलूप खटखटवून बघत, पासवर्डचे अंदाज करत. मामा सकाळी चहाबरोबर या प्रयत्नांची यादी वाचत आणि परीक्षकासारखे शेरे मारत. "याने रात्रभर एकच शब्द टाकलाय. चिकाटी आहे, पण बुद्धी नाही." खराडीला नोकरी करणाऱ्या एका भाच्याला हे ऐकून घाम फुटला.

"मामा, हे सगळं उचलून क्लाउडवर टाकू. काही बघायला नको."

"म्हणजे कुठे?"

"कुठेही. सिंगापूर असेल, मुंबई असेल. फरक काय पडतो?"

"म्हणजे तुला नक्की माहीत नाही," मामा म्हणाले, "आणि माझ्याकडून घेऊन चाललायस. तो कधी हॉस्टेलवर राहिला नाही रे. आता कशाला."

भाच्याने पुन्हा विषय काढला नाही. एका संस्थेने मामांचा सत्कार ठरवला होता, 'डिजिटल दुर्गसेवक' वगैरे पदवी देऊन. शाल होती, श्रीफळ होतं, प्रमुख पाहुण्यांचं तासाभराचं भाषण होतं. मामांनी वार विचारला. गुरुवार निघाला. ते गेले नाहीत.

साइटवर लोक निरोप ठेवत. 'दादा, पाणी मिळालं, थँक्यू.' 'दादा, पुढच्या ट्रेकला आमच्याबरोबर या ना.' मामा प्रत्येकाला उत्तर देत: 'आपला निरोप मिळाला. आभारी आहे.' खाली सही नसे. मी मुलगा आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. मुलगा नाही, असंही नाही. आणि साइटवरचं एक अक्षर त्यांनी कधी हलवलं नाही. लोकांच्या लग्नपत्रिका लाल पेनाने तपासून परत पाठवणारा हा माणूस, पण मुलाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी तशाच जपल्या होत्या.

मग गेल्या उन्हाळ्यात तो निरोप आला. मामांनी मला फोन करून बोलावलं आणि पडद्याकडे बोट केलं. वाघोलीच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी लिहिलं होतं. 'दादा, तुमच्या साइटवर बारमाही लिहिलंय म्हणून आम्ही पाणी कमी नेलं. टाकं पूर्ण कोरडं होतं. आमची एक मैत्रीण उन्हाने चक्कर येऊन पडली. खालच्या वाडीतल्या लोकांनी हंडे घेऊन वर येऊन वाचवलं. आता ती बरी आहे. तुम्ही एकदा परत जाऊन बघून याल का?'

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्याने खोटं लिहिलेलं नाही," मामा म्हणाले.

"नाहीच."

"चाखल्याशिवाय लिहायचा नाही तो."

"मला माहीत आहे, मामा."

"मग आपण जाऊन बघू."

त्या रविवारी आम्ही गेलो. पहिल्या चढालाच मामांच्या गुडघ्याने नकार दिला. ते एका झाडाखाली बसले आणि मला वर पाठवलं, बरोबर मुलाच्या साइटवरचा तो मजकूर छापलेला कागद देऊन. मागचा दरवाजा, डावा हात, सगळं त्याने लिहिल्याप्रमाणे होतं. टाकं होतं. त्यात गाळ वाळून तडकला होता, आणि कडेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. मी खाली येऊन सांगितलं.

"भेग जुनी वाटली की नवी?"

"नवी. कडा अजून पांढऱ्या आहेत."

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्याच्या वेळी पाणी होतं." थोडं पुढे गेल्यावर, गाडीशी, ते म्हणाले, "पण आता नाही."

घरी आल्यावर खरी अडचण समोर आली. एक टाकं आपण बघितलं. बाकीची कोण बघणार? त्याने लिहिलेल्या प्रत्येक 'बारमाही'वर विसंबून कोणीतरी बाटली अर्धीच भरणार होतं. अक्षर बदलायचं म्हणजे त्याचं लिहिणं पुसायचं. न बदलावं तर पुढचा निरोप इतका सभ्य असेलच असं नाही. "साइट बंद करणं हा एक मार्ग आहे," असं मी म्हणालो आणि ते वाक्य तोंडातून निघताच मला नकोसं झालं.

मामी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नाही. त्या आत आल्या. खोली अशी आहे हे त्यांना नव्याने दिसत असावं, असं त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं.

"त्याच्या भरवशावर दुसऱ्या कोणाचं पोर पडायला नको," त्या म्हणाल्या.

"बंद करू म्हणतेस?"

"बंद कशाला? खरं काय ते लिहा की."

मामा टंकायला बसले. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं साचलेलं आता पानभर उतरेल. साइटच्या माथ्यावर जे उमटलं ते असं:

'सूचना. खालील माहिती जुनी आहे. माहिती देणारा हयात नाही. पाणी घरून न्यावे.'

सार्वजनिक नळावर लावावी तशी ती सूचना होती. मामी ती वाचून स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत राहिल्या.

दोन-तीन दिवसांनी मी गेलो तेव्हा निरोपांची रांग लागली होती. 'दादा गेले हे माहीतच नव्हतं.' 'मागच्याच महिन्यात मी त्यांना लिहिलं होतं, उत्तरही आलं होतं.' 'आम्ही त्यांना कधी भेटलो नाही, पण प्रत्येक ट्रेकला त्यांचं नाव निघायचं.' मामा एकेकाला उत्तर देत होते. मजकूर नेहमीचाच, 'आपला निरोप मिळाला. आभारी आहे.' फक्त खाली आता 'वडील' असं लिहिलेलं होतं.

"आपल्याकडून तो केव्हाच गेला," पडद्यावरची नजर न काढता मामा म्हणाले. "या लोकांच्यात परवापर्यंत होता. सुट्टी लागली की जात होता, पाणी बघत होता."

मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिलो. चष्मा पुसून त्यांनी पुढचा निरोप उघडला. कोल्हापूरच्या कोणा मुलीचा होता. तिने दोन टाक्यांचे ताजे फोटो पाठवले होते. दोन्हींत आभाळ दिसत होतं. तिने विचारलं होतं, 'पाणी आहे, चांगलं आहे. हे कुठे लिहू?'

एक बोट पुढे करून मामांनी अक्षरं शोधायला सुरुवात केली.

'त्याच्या ओळीखाली. आपल्या नावाने.'