सुनावणी न झालेली न्यायाधीश

कायदा असता तर मी भांडले असते. वकील आहे, कायद्याशी भांडणं हेच माझं पोटापाण्याचं काम. पण अमेरिकेतल्या आमच्या राज्यात ही नुसती प्रथा होती. गव्हर्नरने कुणाला न्यायाधीश नेमायचं ठरवलं, की त्या माणसाच्या काउंटीतल्या राज्य सिनेटरने आधी होकार द्यायचा. तो गप्प बसला, की सिनेटमध्ये त्या नावावर सुनावणी नाही, मतदान नाही. गप्प का बसला, हे सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही.

२००६ साली गव्हर्नरने फॅमिली कोर्टासाठी माझं नाव पुढे केलं आणि आमचे सिनेटर गप्प बसले. नव्या केसेस घेणं मी थांबवलं होतं. उद्या न्यायाधीश होणारी बाई आज कुणाची बाजू घेणार? जुने अशील एकेक करून दुसरीकडे गेले. भर दुपारी ऑफिसातल्या कुंड्यांना पाणी घालत बसायचे मी.

आमच्या महाराष्ट्र मंडळाला मात्र दम निघत नव्हता. नाव जाहीर झालं आणि पुढच्याच रविवारी त्यांनी शाल-नारळ देऊन माझा सत्कार उरकला. "अगं, आता फॉर्मॅलिटीच तर राहिलीय," मंडळाचे अध्यक्ष काका म्हणाले. आणि याच काकांनी गणेशोत्सवाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं कुणाला, तर त्या सिनेटरना! वर मला फोन: "तूच शाल घाल त्यांना. ओळख होईल, काम मूव्ह होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गेले. पैठणी नेसून गेले. मला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती, ते कशाला लपवू?

स्टेजवर शाल घालताना मी त्यांना माझं नाव सांगितलं. ते गोड हसले. म्हणाले, "तुमच्याविरुद्ध माझं काहीच नाही! तुमच्याबद्दल सगळे चांगलंच सांगतात. गव्हर्नरशी माझं दुसऱ्याच एका नेमणुकीवरून वाजलंय."

म्हणजे यांच्या भांडणात मी ओलीस. आणि हे हातात नारळ धरून, हसत हसत सांगायचं! समोर माइक होता. मी त्यातच विचारलं, "मग माझी सुनावणी कधी होऊ देणार?"

सिनेटर माइककडे वाकले आणि म्हणाले, "किती सुंदर संस्कृती आहे तुमची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्याच माणसांच्या टाळ्या. शरमेने नव्हे, संतापाने माझे कान तापले.

काकांनी मला विंगेत गाठलं. "गणपतीसमोर पॉलिटिक्स कशाला आणलंस? किती ऑकवर्ड केलंस सगळ्यांना!" त्यांना मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिनेटचं सत्र संपलं, तसं माझं नाव आपोआप बाद झालं. गव्हर्नरच्या ऑफिसातून कुणीतरी फोनवर हळहळ व्यक्त केली आणि विषय मिटला. त्या संध्याकाळी जेवताना माझ्या मुलीने विचारलं, "हाउ मेनी व्होटेड नो, आई?"

"कुणीच नाही."

"देन यू वन, राइट?"

मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले की ती पानावरून उठून गेली. बिचारीचं काय चुकलं होतं? जास्त लोक नको म्हणाले की माणूस हरतो, एवढंच तिला शाळेत शिकवलं होतं.