शिक्क्यावरची वाफ

कंपनीच्या स्टोअरच्या खिडकीत तो शिक्का अजून आहे, गेटपासचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. पूर्वी मी आमच्या वर्कशॉपमधून वॉशरचा माल घेऊन आलो की स्टोअरकीपर सावंतकाका शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडत, चलानावर दाबत आणि विचारत, "वडील कसे आहेत?"

आता सगळं पोर्टलवर चालतं. ऑर्डर तिथेच येते, बिल तिथेच चढवायचं. म्हणे वेळ वाचतो. कोणाचा, ते कोणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात वडील गेले. वर्कशॉप बंद राहिलं, माल उशिरा पोचला. पोर्टलने उशिराचं कारण विचारलं आणि निवडायला यादी दिली: मशीन बिघाड, वीज, वाहतूक, इतर.

सावंतकाका स्मशानात माझ्या शेजारी उभे होते. आज खिडकीपलीकडून हळूच म्हणाले, "मला सगळं माहीत आहे रे. पण यात मला काही लिहिता येत नाही."

मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर वडिलांना 'इतर'मध्ये टाकलं. पोर्टलने लगेच आभार मानले. काकांनी सवयीने शिक्का उचलला, त्यावर वाफ सोडली आणि परत कागदांवर ठेवून दिला.