पाखराचं नाव दिलीप

"ए दिलप्या! मुडद्या! ऊठ, ऊठ माह्या धानातून! तुह्या पोटात किडे पडो!"

सावली तालुक्यातल्या एका गावी शाळेत रुजू व्हायला निघालो होतो. बांधावरून ही गर्जना आली आणि मी सायकलीसकट चिखलात गेलो. वाटलं, आज कोण्या दिलीपचा मुडदा पडतो. धानातून उठला तो पोपटांचा थवा! मचाणावर पदर खोचून भागरथाबाई उभ्या होत्या. त्यांच्या आवाजाने मोहर्लीच्या जंगलातले वाघ शिकार सोडून पळत, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसोत. त्यांनी तो ऐकलेला नाही.

त्यांच्या मागे एक तरुण बाई आणि तिची आठेक वर्षांची पोरगी, दोघी चिडीचूप. मंदा आणि सुजाता. दिलीप हा मंदाचा नवरा. तिला केस धरून अंगणभर फरफटवायचा आणि पोरीला धानाच्या कणगीत कोंडायचा. माहेराने दार लावलं, तेव्हा मायलेकी भागरथाबाईंच्या दोन खोल्यांत आल्या. अशा बाया तिथे येतच राहत. गावच्या बुद्धविहारातल्या बायका डाळ-तांदूळ पुरवत. इलाज मात्र खास बाईंचा: मायलेकरांना एकाच मचाणावर चढवायचं आणि धानावर उतरेल त्या पाखराला बापाच्या नावाने शिव्या द्यायला लावायचं.

"नवऱ्याचं नाव घ्याची बंदी होती ना वं तुले? इथी घे. शिवी लावून घे."

मी विचारलं, "पण पोरीला कशाला, बाई?"

"डॉक्टर हाड बसवते, गुरुजी. बसलेला आवाज मले उठवा लागते. मायची बोंब पोट्टीनं ऐकली पायजे. तवा तिले समजते, आता भ्याचं काम नाई."

शहरातले याला समुपदेशन म्हणतील. बाई सूड म्हणत, आणि पोटभर घेत.

मंदाचा पहिला "दि..." इतका बारीक, की पोपट ऐकायला जवळ येऊन बसले. पण एका सकाळी ती अशी बोंबलली, की तोच थवा थेट आंध्रात उतरला आणि तिकडच्या मिरच्या संपल्या. सुजाता मात्र मुकीच. नुसती गोफण फिरवायची.

धान पिवळं पडलं आणि राजदूत फटफटीवर स्वतः दिलीप आला.

"बायको ठेवा तुमच्याजवळ. पोट्टी माही हाये, तिले नेतो. मंग हे कुत्रीसारखी मांगं येते का नाई, पाहा!"

मंदाचे पाय मचाणाच्या शिडीकडे वळले. पोरीसाठी ती गेलीच असती. भागरथाबाई जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मंदा, पाखरू बसलं वं धानात."

मंदा लेकीला मागे ओढून ओरडली, "दिलप्या! मुडद्या! ऊठ माह्या धानातून!"

शेजारच्या बांधीत, धानाच्या खाचरात, राबणाऱ्या बायांनी ते झेललं, त्यांच्यापुढच्यांनी झेललं. "दिलप्या ऊठ!" वैनगंगा क्षणभर वाहायची थांबली, मी पाहिलं आहे. दिलीप फटफटीला लाथा मारू लागला, ती सुरू होईना. तेवढ्यात मंदाच्या मागून गोफण सुटली आणि फटफटीच्या दिव्याचा चुरा झाला. मग त्याने ती ढकलत पळवली आणि तो परत कधी त्या शिवारात दिसला नाही. मला आजही त्याची रतीभर कीव येत नाही.

मी सुजाताची पाठ थोपटली. "वा पोरी! दिव्यावर काय नेम धरलास!"

इतके दिवस मुकी असलेली सुजाता गोफण गुंडाळत म्हणाली, "नाई, गुरुजी. डोक्यावर धरला होता."