गौरींपुरती गोळी

पद्मजाताईंचं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे आणि सोवळ्यात गेलं. पोस्टातून त्या निवृत्त झाल्या; सोवळ्यातून निवृत्ती नसते. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये गौरींचा नैवेद्य त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचा, आणि त्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या त्यांनी तरुणपणापासून गिळल्या होत्या. देवीचं चुकू नये. शरीराचं काय, ते सोसतंच.

पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटली, आणि एका भाद्रपदात, गौरी तोंडावर आलेल्या असताना, पुन्हा रक्त दिसलं. दुसरी कोणी असती तर घाबरून डॉक्टरकडे धावली असती. पद्मजाताईंनी औषधाचं दुकान गाठलं. “सुनेसाठी हव्यात,” म्हणाल्या.

गोळीने गुण आला. रक्त थांबलं, पुरण शिजलं, कुणाला कानोकान खबर नाही. पुढे गोळी सोडली की रक्त दिसायचं, घेतली की थांबायचं. नवरात्र झालं, चैत्रगौर झाली, पुढच्या वर्षीच्या गौरीही पार पडल्या. मग गोळी चालेनाशी झाली. कंबर उठू देईना, तेव्हा सून स्वराली खराडीच्या ऑफिसातून रजा काढून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, फुप्फुसापर्यंत पोचलेला.

गोळ्यांची हकीकत ऐकून डॉक्टर उत्कर्षांनी रिपोर्ट पुन्हा उघडला.

“आजी, अशा गाठींच्या पेशींना बऱ्याचदा रिसेप्टर असतात. हार्मोनचं ऐकणारे कान म्हणा. ते असले की आजार सहसा सौम्य चालतो, तुमच्या वयाच्या बायकाही बऱ्या होतात. गोळीने रक्त थांबत होतं, म्हणजे तेव्हा ते बहुधा होते. आता तपासलेल्या तुकड्यात अजिबात नाहीत.”

“तेव्हाच आले असते तर?”

“ऑपरेशन केलं असतं. बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं.”

“वा,” पद्मजाताई म्हणाल्या. “म्हणजे औषध लागू पडलं, तेच नडलं.”

यंदा गौरी बसल्या तेव्हा केमोने पद्मजाताईंचे केस गेले होते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

“आई, आत या ना. पुरण तुम्हीच हलवा,” स्वराली म्हणाली.

“नको गं. नैवेद्य बाटायचा.”

स्वरालीने गॅस बारीक केला. सासूचं मन हलकं व्हावं, एवढाच तिचा हेतू होता. “गेल्या वर्षी पूजेच्या दिवशी माझी पाळी होती, आई. मी बोलले नाही. पोळ्या मीच लाटल्या. कुठे काय झालं?”

पद्मजाताईंना त्या पोळ्या आठवल्या. गौर मनापासून जेवली, असं त्याच सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. आणि त्याच सकाळी न्हाणीघराचं दार लावून त्यांनी गोळी गिळली होती. सुनेवर चिडायला हवं होतं. पण संताप आला तो स्वतःचाच, आणि त्यामागून इतकं रडू आलं की त्यांना चौकट धरावी लागली.

“मला तेव्हाच सांगायचंस गं,” त्या म्हणाल्या.

“सांगितलं असतं, तर तुम्ही मला आत येऊ दिलं असतं?”

“नसतं,” पद्मजाताई म्हणाल्या.