अक्काच्या साड्यांचे पडदे

पिंप्राळ्याच्या आमच्या घराला पश्चिमेकडे दोन मोठ्या खिडक्या होत्या. एप्रिल लागला की दुपारी त्या खोलीत बसवत नसे. थंडीत तिथूनच गार वारं यायचं.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी माझी थोरली बहीण, आमची अक्का, अमळनेरहून कायमची परत आली. मेव्हणे काविळीनं गेले होते. अक्का सव्वीस वर्षांची होती. लग्नातल्या, सणावाराच्या साड्या ट्रंकेत पडून राहिल्या आणि ती आईच्या फिक्या साड्या नेसू लागली. तसं तिला कुणी बजावलं नव्हतं. पण रंगीत नेस, असंही कुणी म्हणालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं ट्रंक उघडली आणि कात्री मागितली.

"अगं, काय करतेस?" आई धावलीच.

"खिडक्यांना पडदे. नाहीतरी पडून विरतील."

साडी दुहेरी करून मध्ये पातळ कापूस घालून, गोधडीसारखे टाके घालत तिनं आठ दिवसांत पडदे शिवले. एक राणी रंगाचा, एक मोरपंखी. खोली खरंच गार झाली. शेजारणी बघायला आल्या, आणि अक्कानं हसतमुखानं त्यांना टाके शिकवले.

दिवाळीआधी तिच्या सासूबाई भेटायला आल्या. पाणी पिता पिता त्यांची नजर खिडकीवर गेली. मोरपंखी साडी त्यांनीच तिला पहिल्या दिवाळीला घेतली होती. त्या उठल्या, पडद्यावरून हात फिरवला.

"माय, हाई तू नेसाले पाहिजे व्हती. फाडी कसाले?"

"तुम्ही तेव्हा म्हणाला असतात तर नेसले असते," अक्का म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता.

सासूबाई खाली बसल्या. "मना धीर नही व्हयना," म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. अक्कानं त्यांना चहा दिला, एसटीपर्यंत सोडून आली.

पुढच्या खेपेला त्या हिरवी साडी घेऊन आल्या. त्या गेल्यावर अक्कानं ती खांद्यावर टाकून आरशात बघितलं. मला वाटलं, आता नेसेल.

"सवय गेली गं," म्हणाली आणि साडी माझ्या हातात दिली.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी ती नेसले. खाली बसून निऱ्या अक्कानंच नीट केल्या. मला तेव्हा नुसता आनंद झाला होता. त्याची आज लाज वाटते.